पाय नईमचा, वायसर माझे

माझा जन्म उज्जैनचा. वडील शाळेत मराठी शिकवायचे आणि वाक्य अर्धवट सोडलं तर घरात जेवणाचं ताट पुढे येत नसे, तेव्हा मेकॅनिक असून मी असं बोलतो याचं नवल वाटून घेऊ नका. लोक सांगतात, पुढचं शिक्षण जमेना म्हणून दत्तू मोघे आयटीआयला गेला. साफ चूक. गणितात मी वर्गात पहिला होतो. यंत्र खोटं बोलत नाही असं तेव्हा वाटे, म्हणून मी आपण होऊन गेलो. तिथून भोपाळ, एका कारखान्याच्या वाहन विभागात बावीस वर्षं, आणि मग जवाहर चौकाच्या मागच्या गल्लीत स्वतःचं गॅरेज. गाडी दारात येईपर्यंत आवाजावरून रोग सांगणारा दादा, अशी माझी ख्याती होती. मी नाही म्हणत, गल्ली म्हणे. आणि ते खरंही होतं, तेही लिहा, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ तिथेच आहे.

एका संस्थेची जुनी जीप माझ्याकडे यायची, चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली, डोंगराळ गावांत औषधं नेणारी. तिचा ड्रायव्हर नईम. अस्सल भोपाळी, को खाँ म्हणतच गॅरेजात शिरणार, आणि चहा मागवायचा तो मीच. अठरा वर्षं त्याने ती गाडी चालवली आणि एक कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नाही. हेही लिहा, कारण आता लोक वेगळं सांगतात.

काय सांगू तुम्हाला, त्या गाडीच्या प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, अंगठ्याएवढा. चाकाबरोबर दाते असलेली एक रिंग फिरते, सेन्सर ते दाते मोजतो आणि चाक किती वेगाने फिरतंय ते एका पेटीला कळवतो. ब्रेक दाबल्यावर चाक जाम झालं असं पेटीला वाटलं की ती त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडते, म्हणजे गाडी घसरू नये. उपकार आहे तो. पण सेन्सर आणि दाते यांच्यात नखाएवढं अंतर वाढलं, तर हळू वेगात सेन्सरला दाते दिसेनासे होतात, पेटीला वाटतं चाक थांबलं, आणि चालत्या चाकाचा ब्रेक ती सोडून देते. भरधाव वेगात सगळं ठीक. चालत्या माणसाच्या वेगात दगा.

मी पुढच्या दोन्ही चाकांचे बेअरिंग बदलले होते. त्यांचं माप किंचित चुकीचं निघालं, बसवल्यावर सेन्सरचं टोक रिंगला घासू लागलं, कर्र कर्र आवाज. बेअरिंग परत करून दुसरे मागवायचे, हा सरळ मार्ग होता, आठ दिवस लागले असते. पण सगळ्या गल्लीसमोर मी नईमला म्हणालो होतो की संध्याकाळी गाडी घेऊन जा, आणि दादाने दिलेली वेळ टळत नसे. मी तेलाच्या हिरव्या डब्याचा पत्रा कात्रीने कापला, दोन वायसर केले, दोन्ही सेन्सरखाली एकेक घालून ते रिंगपासून किंचित वर उचलले. आवाज गेला. नईम म्हणाला, दादा, हाथ चूमने का मन करता है. मी हात पुढे केला होता, थट्टेने.

दहा दिवसांनी तो आला. म्हणाला, दादा, आखिरी के दो हाथ में गाडी रुकती नहीं, पॅडल पैर को धक्का देता है. त्या वेळी गॅरेजात चार-पाच गिऱ्हाइकं होती. मी मीटर लावला, दोन्ही सेन्सरचा विजेचा रोध बरोबर. डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा लागलेला नाही. मी स्वतः करोंद मंडीपर्यंत साठच्या वेगाने गाडी नेऊन आणली, तीनदा कचकन थांबवली, जागच्या जागी. आणि परत येऊन सगळ्यांसमोर म्हणालो, मियाँ, गाडी जवान है, तुम्हारा पाँव बूढ़ा हो गया. सगळे हसले. नईमही हसला. ते हसणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

महिन्याभरात बिट्टन मार्केटला, भाजीबाजाराच्या दिवशी, माणसाच्या चालीने पुढे सरकताना गाडी थांबली नाही. कमलाबाई नावाची भाजीवाली आहे, तिच्या ठेल्यावर गेली आणि तिचा घोटा मोडला. लोकांनी नईमची कॉलर धरली. संस्थेच्या साहेबांनी मला विचारलं, दादा, तुम्ही सांगाल ते अखेरचं. मी पुन्हा मीटर लावला, पुन्हा करोंदला गेलो, पुन्हा भरधाव. आणि माझ्या लेटरपॅडवर, वडिलांनी घोटवून घेतलेल्या अक्षरात लिहिलं, ब्रेक निर्दोष. नईमची नोकरी त्या दोन शब्दांनी गेली. काही जण म्हणतात, मोघे संस्थेला विकला गेला. खोटं आहे. मला कुणी विकत घेतलं नाही. मी नुसता गर्वाने आंधळा होतो, आणि तो आंधळेपणा मी फुकट केला.

पुढच्या वर्षी डॅशबोर्डवर तो बिघाडाचा दिवा लागला म्हणून ती जीप परत आली. माझा मुलगा श्रीधर चारही चाकांचा वेग दाखवणारा स्कॅनर लावून शेजारी बसला आणि म्हणाला, बाबा, हळू चालवा, अगदी हळू. मी हळू चालवली. मागच्या चाकांचा आकडा पाच, पुढच्या दोन्ही चाकांचा शून्य. गाडी चालत होती, आणि पुढची चाकं कागदोपत्री उभी होती. श्रीधरने सेन्सर काढले. खाली गंज, आणि गंजात माझे हिरवे वायसर. आम्ही ते काढले, जागा घासून स्वच्छ केली, योग्य बेअरिंग बसवले, आणि चारही चाकं एका आकड्यावर चालू लागली.

श्रीधर सगळ्यांना सांगतो की गंज होता, गंजाने सेन्सर वर उचलला, बाबांचा काय दोष. मुलगा आहे, त्याला तसं सांगावंसं वाटतं. पण गंजाला पाणी आत यायला फट लागते, आणि ती फट वायसरने ठेवली. शिवाय नईमने तक्रार केली ती दहाव्या दिवशी. दहा दिवसांत कुठला गंज? श्रीधर असंही सांगतो की कळल्याबरोबर बाबा नईमकडे गेले. नाही. मी चौदा महिने गेलो नाही. दोन्ही वायसर सदऱ्याच्या खिशात घालून हिंडत होतो, धुवायला टाकताना काढायचो, नव्या सदऱ्यात घालायचो, पण गेलो नाही.

मग एकदा नईम बिट्टन मार्केटच्या पायऱ्या उतरताना दिसला. हातात काठी. प्रत्येक पायरीवर उजवा पाय आधी टेकवून पाहायचा, दाबायचा, मग भार द्यायचा. माझ्याहून दहा वर्षांनी लहान माणूस. मी विचारलं, क्या हुआ मियाँ. तो म्हणाला, कुछ नहीं दादा, आप ही ने तो बताया था, पाँव भरोसे का नहीं रहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो, एक वायसर त्याच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्याने पत्रा उलटून पाहिला. मग एवढंच म्हणाला, तो पाँव ठीक था? मी म्हणालो, ठीक था. त्याने उजवा पाय फरशीवर दाबला, पुन्हा दाबला. मग म्हणाला, आपको कब से मालूम है? मी चौदा महिने म्हणालो. त्याने बायकोला हाक मारली आणि मला म्हणाला, इनके सामने फिर से बोलो. मी बोललो. मग कमलाबाईकडे जाऊन बोललो. ती लंगडते अजून. ती म्हणाली, नईम भैया तो हर हफ्ते आके माफी माँगते थे, आप आज आए?

संस्थेला मी दुसरं पत्र लिहिलं, ब्रेक सदोष होते आणि दोष माझा. साहेबांनी नईमला परत बोलावलं, तो गेला नाही.

गेल्या महिन्यात ती जीप गॅरेजात होती, आणि तो आला. चहा नको म्हणाला. किल्ली मागितली. गल्लीच्या टोकापर्यंत गाडी मागे नेली आणि माणसाच्या चालीने, अगदी त्याच चालीने, मी स्टुलावर बसलो होतो तिकडे आणू लागला. श्रीधर ओरडला, बाबा, उठा. मी उठलो नाही. माझ्या गुडघ्यांपासून दोन हातांवर गाडी थांबली. नईम उतरला, काठी घेतली, म्हणाला, ब्रेक ठीक है दादा, चाहो तो लिख दो. आणि चालत गेला, काठी हातात, पण टेकत नव्हता.

गल्लीत सांगतात की म्हाताऱ्याने त्या दिवशी छाती दाखवली. हेही खोटं. ते ब्रेक मी स्वतः दुरुस्त केले होते, बसून राहायला कसली छाती लागते? छाती लागली असती ती त्या चौदा महिन्यांत. त्याने मला माफ केलं असं तो म्हणाला नाही, मी विचारलंही नाही, आणि आता विचारणार नाही. दुसरा वायसर अजून खिशात आहे, हा पाहा. देव त्याच्या पायांना पुष्कळ चालणं देवो. हे असंच्या असं लिहा, आणि श्रीधरला वाचून दाखवा.