लाल खूण

डेलिओ : दार उघड ना, अर्मिदामावशी. खिडकीतून काय बोलतेस?

अर्मिदा : खिडकी पुरे आहे. तू आता खालच्या पालिकेचा माणूस!

डेलिओ : अगं, सहा गावांची एक पालिका झाली, तर आपल्या गावातून कुणीतरी जायला नको? तूच मत दिलंस मला.

अर्मिदा : दिलं, तीच चूक. माझ्या चेस्टनटवर लाल खूण कुणी केली?

डेलिओ : मी.

अर्मिदा : बघा, तोंड वर करून सांगतोय! आजोबांनी लावलेलं झाड ते. खोडावर आमच्या घराची अक्षरं कोरलीत. जमीन गावाची, झाड घराचं, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे.

डेलिओ : इथे ठाऊक आहे, खाली नाही. कागद आहे का एक तरी? आणि ते रस्ता रुंद करायला निघालेत.

अर्मिदा : म्हणून माझं झाड दाखवून मोकळा झालास! तुझ्या झाडावर बरा एक ठिपका नाही? मी काय आंधळी आहे?

डेलिओ : मावशी, लाल म्हणजे तोडायचं नाही.

अर्मिदा : काय?

डेलिओ : घरच्या झाडांना लाल. बाकीची उद्या सकाळी तोडणार. तीन महिने भांडून एवढं पदरात पाडून घेतलं मी. तुला सांगायला तीनदा दार वाजवलं. उघडलंस?

अर्मिदा : मग तुझं झाड का सोडलंस?

डेलिओ : काल दुपारी रंग संपत आला. एकाच झाडापुरता उरला होता. तुझं अजून पोतंभर फळं देतं, आमचं आतून पोकळ झालंय. दुकान तेव्हाच बंद झालेलं, आज रविवार. उद्या मीच आमच्या झाडापाशी उभा राहीन म्हटलं.

अर्मिदा : डेलिओ... मी घासून काढली रे ती खूण. काल, तारेच्या ब्रशने. आजोबांची अक्षरंसुद्धा निम्मी गेली.

डेलिओ : अरे देवा! मावशी!

अर्मिदा : आता काय करायचं?

डेलिओ : काय करणार! तुझ्या झाडापाशी उभा राहतो. आमचं जाऊ दे.

अर्मिदा : जाऊ दे कसं? तुझ्या झाडापाशी मी राहीन. ते खालच्या वळणावर आहे. माझ्या झाडापर्यंत गुडघे चढत नाहीत.

डेलिओ : मग काल कशी चढलीस?

अर्मिदा : रागात.

[दाराची कडी निघते.]

अर्मिदा : ये आत, कॉफी ठेवते. आणि उद्या तिथून हलू नकोस हं. खालच्या वळणावरून मला सगळं दिसतं.