घराकडे वळलेली शर्यत

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या 'पहाटवारा' धावक मंडळाचे संस्थापक आदरणीय आत्मारामभाऊ, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे फादर सॅन्टन, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती फ्रान्सिस, त्यांना कॅनडाला घेऊन जायला आलेली त्यांची कन्या ॲनिशा, आणि पहाटे उठायची खोड असूनही संध्याकाळच्या कार्यक्रमाला जागे राहिलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

सूत्रसंचालन करणाऱ्या उन्नतीताईंनी मला 'चार शब्दांत भावना व्यक्त' करायला बोलावलं आहे. शब्द चाराचे चाळीस होतील, त्याची काळजी नाही. भावनांचं मात्र गेले सहा महिने काही खरं नाही. माझी पत्नी सरला श्रावणात गेली, हे आपण सगळे जाणता. तेव्हापासून मी जेवतो, वाडीला पाणी सोडतो, केळीचे घड उतरवतो, भेटायला येणाऱ्यांशी नीट बोलतो. वाटत काही नाही. लोक म्हणतात, श्रीरंगराव फार धीराचे. धीर कसला आलाय? दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला नसल्यासारखा होतो, तसं झालं आहे. हे रडगाणं नव्हे. फ्रान्सिसबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

मी आणि फ्रान्सिस दोघेही होळी गावचे. वाडीला वाडी लागून, मध्ये कुंपण, तेही नावापुरतं. साठी उलटल्यावर डॉक्टरांच्या धाकाने आम्ही पहाटे पळायला लागलो. बोलण्याचं काम त्याचं, हुंकार देण्याचं माझं. समुद्राकडून परत येताना मोठ्या रस्त्यावरून आमच्या गल्लीत वळायचं आणि पडवीत बसून सरलाच्या हातचा गवती चहा प्यायचा, हा आमचा वर्षानुवर्षांचा नेम. फ्रान्सिस म्हणायचा की तो चहासाठी पळतो, तब्येत ही वरकमाई.

सरला गेली आणि मी घराबाहेर पडेनासा झालो. तेव्हा या गृहस्थाने मला न विचारता मंडळाच्या अर्धमॅरेथॉनला माझं नाव देऊन टाकलं. पळालास तर बरं वाटेल, मन रमेल, असलं काही तो बोलला नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. नाव दिलंय, मंडळाचं नाक कापू नको, एवढंच म्हणाला.

शर्यतीच्या दिवशी थंडी किती होती हे तुम्हाला मी सांगायला नको. वसईकर एरवी स्वेटर लग्नकार्यातच घालतात, त्या दिवशी तोंडातून वाफा निघत होत्या. छातीवर नंबर लावायची टाचणी माझ्या बोटांना धरवेना. फ्रान्सिसने ती लावून दिली, थोडी टोचलीही. त्याने सॉरी म्हटलं तेव्हा मला कळलं की टोचली.

पळायला लागलो. तो नेहमीप्रमाणे बोलत होता. पाय उचलले जात होते, ते माझेच असावेत. आणि होळीच्या वळणावर मी आमच्या गल्लीत वळलो.

शर्यत सरळ जात होती, श्रोतेहो! त्या कोपऱ्यावर रस्ता दाखवायला साक्षात आजचे अध्यक्ष उभे होते, कानटोपी आणि शाल अशा पूर्ण बंदोबस्तात. पण आत्मारामभाऊंनी आम्हाला इतकी वर्षं तिथेच वळताना पाहिलेलं. त्यांनाही त्यात वावगं वाटलं नाही. उलट हात हलवून त्यांनी 'शाबास' म्हटलं! मग काय, आमच्या मागून येणाऱ्या फुलपाड्याच्या तरुण मुलामुलींचा घोळका त्यांचा तो हात बघून आमच्यामागे गल्लीत शिरला. मेंढरामागे मेंढरं जातात हे ऐकलं होतं, मेंढरू होऊन पुढे चालायचा योग पहिल्यांदाच आला.

मी अंगणातून पडवीच्या पायऱ्या चढलो आणि बेल दाबली. दाराला कुलूप होतं. ते मीच लावलेलं, किल्ली माझ्याच खिशात. तरी थांबलो. आतून कुणी येईना, म्हणून पुन्हा दाबली. मागे ती सगळी मुलं धापा टाकत उभी. कुणाला काही कळेना आणि मला तर काहीच नाही.

तेव्हा फ्रान्सिसने वाडीच्या पाइपाचा नळ सोडला आणि मुलांना हाक मारली, "या, पानी प्या. पुढं सोय नाय." मुलांना वाटलं, पाण्याचं ठिकाण इथेच ठेवलंय. ती बिचारी पाणी पिऊन, आम्हाला थँक्यू अंकल म्हणून, आल्या वाटेने पळत गेली. मग त्याने मला दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या. उरलेली सगळी शर्यत हा बोलका माणूस माझ्याशेजारी एक अक्षर न बोलता धावला. आम्ही पोचलो तेव्हा कमान उतरवायला घेतली होती. गळ्यात पदक पडलं. गार होतं.

नंतर मी त्याला विचारलं की मी वळलो तेव्हाच तुला कळलं असणार, मग हाक का नाही मारलीस? तो म्हणाला, "सरला गेल्यापासून तू पहिल्यांदा आपणहून कुठंतरी निघाला होतास. अडवू कसा?"

आता ॲनिशाची माफी मागून तिचं एक गुपित फोडतो. तिने वडिलांना बोलावलं होतं ते गणपतीनंतर लगेच. तिकडे नातू झालाय, आजोबांची वाट बघतोय. या माणसाने जाणं दोनदा पुढे ढकललं आणि तिला कारण सांगितलं की वाडीची कामं आहेत. वाडीचं काम म्हणजे मी. मला हे तिच्याकडून गेल्या महिन्यात कळलं. मी कुंपणापाशी जाऊन त्याला जा म्हणालो. त्याने मला विचारलं, "मी गेलो तर तुला काय वाटेल?"

मी म्हणालो, काही नाही. ते खरं होतं. त्याने तिथूनच मुलीला फोन करून येतो म्हणून सांगितलं.

मंडळी, मघाशी फादरांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, तेव्हा तो उठताना गुडघा धरून उठला. तिकडे बर्फात हा गुडघा कोण बघणार, असं माझ्या मनात आलं. आणि मग... एक मिनिट द्या मला.

फ्रान्सिस, तुला दिलेलं उत्तर मी या सभेसमोर बदलतो. वाईट वाटतंय. खूप वाईट वाटतंय. सरला गेल्यानंतर मला दुखलं असं हे पहिलंच. तू थांब असं मी म्हणणार नाही, नातवाकडे जा. फक्त मला काही वाटत नाही असं समजून जाऊ नकोस.

मला बोलायची संधी दिलीत याबद्दल मंडळाचे, अध्यक्षांचे आणि पाहुण्यांचे मनापासून आभार. चेष्टेत आत्मारामभाऊंना जास्त बोललो असेन, कुणा मान्यवराचं नाव घ्यायचं राहिलं असेल, वेळ तर नक्कीच जास्त घेतला, ते सगळं पोटात घाला. मध्येच डोळे पुसायला थांबलो, त्याची मात्र मी क्षमा मागत नाही.