तिचं जमलं का?

माझं लग्न एका इंग्रज पोरीमुळे जमलं, हे तुम्हाला कधी सांगितलंय का?

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. मी एम.ए.ला होते, इंग्रजी घेऊन. नांदगावचे पाहुणे नाशिकला मला बघायला आले. मुलगा मान खाली घालून पोहे खात होता. त्याच्या आईने विचारलं, "त्या इंग्रजी पुस्तकात काय असतं गं?"

मी आपली एका जुन्या कादंबरीची नायिका सांगायला घेतली. देखणी, हुशार, पण भयंकर आगाऊ. मागणी घालायला आलेल्या माणसाची तिने नक्कल केली आणि ती त्याने दाराआडून ऐकली. तो तसाच निघून गेला.

माझी आई पाहुण्यांच्या मागून डोळे वटारत होती. मुलगी बघायला आलेल्यांना असली मुलगी सांगतात का!

मुलाच्या आई मात्र पुढे सरकल्या. "मग? माफी मागितली का नाय?"

"कुठली! वर त्यालाच दोष दिला."

"लय आगाव हाय. आई नाय वाटतं तिला?"

"नाहीच."

"तरीच!"

तेवढ्यात त्यांच्या गाडीची वेळ झाली. मला स्वयंपाक येतो का, हे विचारायचंच राहिलं.

"गेलं स्थळ," म्हणून आईने अबोला धरला. तीन-चार दिवसांनी मध्यस्थ काका आले.

"पसंतीचं काय म्हणाल्या?" आईने घाबरतच विचारलं.

"ते नंतर कळवतात. आधी त्या आगाव पोरीचं जमलं का, ते विचारून या म्हणाल्या."

आईने कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "काका, त्यांना सांगा, पुढचं सासरी आल्यावर सांगेन."