आतल्या टायरचं अत्तर

— नाई नाई, पयले बस तू चंदा, ओरडू नको, बाहेर हमाल ऐकून राह्यले. पाणी पे. मले काय म्हणायचं ते म्हण, पण बसून म्हण. ‘तुमच्या हापिसात माहा नवरा बिघडला, देवमन’ म्हणते — अवं, माह्या हापिसात काय हाय बिघडायले? दोन खुर्च्या, एक पंखा, अन् खिडकीतून ट्रका दिसते, बस. हाताले अत्तराचा वास येते म्हणते त्याच्या. रोज. बरं. मंग येनच नं! मीच लावते ते. — डोळे नको मोठे करू, त्याच्या हाताले नाई लावत मी, टायरले लावते! पागल झाली ही फरजाना, असंच म्हणून राह्यली ना मनातल्या मनात? म्हण. ट्रकच्या टायरले अत्तर लावणारी साऱ्या अकोल्यात मी एकटीच असन.

श्रावण माईत हाय ना तुले, आमचा ड्रायव्हर, काठी घेऊन चालते आता तो? उन्हाळ्यात मूर्तिजापूरच्या अलीकडं त्याचा ट्रक आडवा झाला, साऱ्या रस्त्यावर कापसाच्या गाठी. कशानं? टायरच्या हवेनं. मागं टायर जोडीनं असते, पाय, एक बाहेर, एक आत. बाहेरचा दिसते, त्याची हवा सारेच पायते. आतल्यापाशी हात घालाले वाकावं लागते, बाह्या काळ्या होते — म्हणून हे ड्रायव्हर नवाब काय करते? टॉमीच्या लोखंडी दांड्यानं ठोकते. ठण्ण वाजलं की, ‘टाइट हाय भाभी!’ अन् आतला बसला की सारं वजन बाहेरच्यावर, वरून आपल्या इकडचं ऊन — फुटन नाई तं काय होईन? मी दवाखान्यात गेली तं श्रावण पलंगावर पडल्या पडल्या मलेच म्हणे, ‘भाभी, हवा पायली होती म्या.’ पाय टांगलेला, तोंडाले पट्ट्या, अन् तरी खोटं! आता अशा माणसाले रागावू कशी मी? मोसंबी सोलून देली अन् घरी आली.

आमच्या घरचे, रय्यानचे अब्बा, म्हणे, मिटिंग घेऊ, समजावून सांगू. घेतली. समोसे खाल्ले सगळ्याईनं, माना हालवल्या, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, ठण्ण ठण्ण. म्हणलं, थांबा बेट्याहो. मंग मी काय केलं — सकाळी हे लोक यायच्या आंगोदर अत्तराची कुपी घेऊन ट्रकांखाली शिरली. हो, मीच! दुपट्टा कमरेले खोचून. आतल्या टायरच्या हवा भराच्या वॉलचं टोपण असते ना इवलंसं, त्याच्या आतून बोट फिरवलं खसच्या अत्तराचं. जो टोपण खोलन, त्याच्या बोटाले वास. जो नाई खोलन, त्याच्या बोटाले तंबाखू. मंग बिल्टीचा कागद घ्याले ड्रायव्हरचा हात पुढं आला की मी नाक पुढं! ‘जा रे गुलफाम, आतल्याची हवा पायली नाई तू.’ तो तं पांढरा पडला. भाभीले जिन सांगते म्हणे! लय दिवस जिन चालला माहा. सारे वाकू लागले, हवेचं मीटर लावू लागले. तवापासून एक टायर नाई फुटला.

अन् तू काय पयली नाई आली भांडाले. गुलफामची बायको इफ्फत तं बॅग भरून तेल्हाऱ्याले माहेरी चालली होती. तिले लवकर सांगायले पायजे होतं, पण — झूट कावून बोलू — मले मजा आली. चांगलं असते गं, कोणी आपल्या माणसाचा हात हुंगून पायते, भांडते, बॅग भरते. आमच्या घरी पाय. माह्या हाताले रोज वास, सकाळी उजाडायच्या आत घरातून निघते मी, नटून येते की ट्रकाखाली शिरून येते, एक शब्द नाई विचारला रय्यानच्या अब्बानं. कदीच नाई. चहा थंडा झाला एवढंच म्हणते... जाऊ दे. कोणाची गोष्ट करून राह्यली होती मी? हां, देवमनची. सगळ्यात पक्का तोच, कदीच चुकला नाई, रोज हाताले —

हे काय? त्याच्या पँटीच्या खिशात सापडली ही कुपी? दाखव. ...खस. माहीवालीच खस. हाहाहा! अवं चंदे, दुसरी बाई नाई, काई नाई! त्याले जिन सापडला गं! पठ्ठ्या स्वतःची बाटली घेऊन फिरते, बोटाले लावते अन् हात पुढं करते — मलेच फसवून राह्यला तो, तुले नाई! अन् मी येडी, सगळ्याईले सांगत होती, देवमनसारखं वागा...

थांब. आज सकाळी बी वास होता त्याच्या हाताले.

गाठी भरून चांदूर रेल्वेले निघाला तो. फोन... माहा फोन कुठं गेला — हां. उचल रे बाबा. — देवमन? कुठं हायस? बडनेऱ्याच्या पुढं? गाडी कडेले घे. घे म्हणते ना. हवा पायली म्हणून नको सांगू मले, बाटली माह्या टेबलावर हाय. तुही चंदा बी समोरच बसून हाय. उतर. वाक आतमधी. मी हाय फोनवर. — वाकून राह्यला तो, चंदा. — पायली? काय? खिळा? अन् हवा... टायर तापलेला असून बी इतकीच? या अल्ला. हालवू नको ट्रक. दूर उभा राय त्याच्यापासून, टायरवाल्याले बोलाव. दूर, देवमन!

वाचला. वाचला गं तो. तू कावून रडून राह्यली आता? घे, फोन घे, बोल त्याच्याशी. — अवं बोल ना, मघाशी तं लय बोलत होती. ...बरं, नको बोलू. धरून ठेव नुसता कानाले. मी बाहेर जाते.