तीनदा आपटलेलं ताट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय आप्पासाहेब, या भोजनालयाचे मालक माधवराव, ज्यांच्या हातचं खाऊन आपण सगळे आजच्या वजनाला पोचलो ते आचारी दत्तप्रसाद, आणि समोर बसलेल्या ग्राहक बंधू-भगिनींनो, नमस्कार. सदाशिव पेठेत इतकी माणसं वेळेवर जमली, त्याअर्थी समारंभानंतर जेवण आहे ही बातमी नीट पोचलेली दिसते.

माझ्या हातात कागद आहे. मी सांगितलं आणि माझ्या नातीनं, तनयानं, लिहून घेतलं. मला अक्षर ओळखता येत नाही, पण भाषण करणाऱ्याच्या हातात कागद शोभतो म्हणून धरलाय. उलटा असेल तर पुढच्या रांगेनं खूण करावी.

आप्पासाहेबांनी मघाशी माझं फार कौतुक केलं. पंधरा वर्षं मुक्ताईंनी निष्ठेनं मोरी सांभाळली, म्हणाले. आता आपलं भोजनालय हिंजवडीच्या कंपनीत चाललंय. गळ्यात फोटोची पट्टी लटकवलेली आठशे मुलं रोज दुपारी तिथं जेवणार. उद्या सकाळी नऊला नवी शेगडी पेटायची आहे, दत्तप्रसादांच्या हातून. तिथं ताटं धुवायला यंत्र आहे, म्हणून मला शाल. यंत्राला शाल द्यावी लागत नाही, एवढाच त्याच्यात नि माझ्यात फरक.

आप्पासाहेबांनी अभिप्रायवहीतलंही थोडं वाचून दाखवलं. चांगलं चांगलं तेवढंच वाचलं, अध्यक्षांनी तसंच करायचं असतं. पण ती सगळी वही तनयानं मला वाचून दाखवली आहे. 'आमटी अशी की आजोळ आठवलं.' त्याच्याच खाली, 'भाजी करपल्याचे पैसे वेगळे घेता का?' मग, 'पोळ्या मऊ, वाढणारा कडक.' आणखी एकानं लिहिलंय, 'खोबरं खवट होतं. तक्रार नाही, माहितीसाठी कळवतो.' हा माणूस शनिवार पेठेतला असावा. आणि एक तक्रार तर दर चार पानांनी आहे: 'मोरीवरच्या बाई ताटं फार आपटतात.'

ती बाई मी. त्या तक्रारीचं उत्तर आज देते.

पण आधी सांगा, एकाच भोजनालयात, एकाच आचाऱ्याच्या हातचं खाऊन एकाला आजोळ आठवतं आणि दुसऱ्याला खवट खोबरं, असं का व्हावं? माधवराव म्हणायचे, ग्राहक पुणेरी आहेत, त्यांना सवय आहे. मला वही वाचता येत नव्हती, पण ताटं येत होती. वहीत माणूस चारचौघांदेखत लिहितो, ताट मागे ठेवून निघून जातो. आमटीची वाटी चाटून पुसून आली की मला कळायचं. भाजी तशीच आली, वर पोळीचा तुकडा पांघरलेला असला, की तेही कळायचं. आणि भरलेली ताटं यायची ती शुक्रवारी सकाळी घासायला माझ्यासमोर, आदल्या दिवशीची साचलेली. म्हणजे गुरुवारची. तनयाला म्हटलं, वहीतल्या तारखांचे वार काढ. ती म्हणाली, "आजी, चवीच्या सगळ्या तक्रारी गुरुवारच्या आहेत."

मला नवल वाटलं नाही. गुरुवारी माझी सुट्टी असते.

सहा वर्षांपूर्वी बिबवेवाडीच्या उतारावर दत्तप्रसादांची स्कूटर घसरली. डोक्याला मागून मार बसला, पाच टाके पडले. आठ दिवसांत कामावर आले, आपण सगळ्यांनी पेढे खाल्ले. त्याच आठवड्यात भाजी करपली, तीही दोनदा. मी टोमणा मारला, "काय हो, डोक्याबरोबर नाकावरही पडलात का?" तो हसला नाही. त्याला आता अहो-जाहो करत नाही, जमत नाही. त्यानं मसाल्याचा डबा आणला, एक वाटी माझ्यापुढे धरली आणि हळू विचारलं, "मुक्ताई, हा हिंग आहे की मेथीची पूड?"

माणूस वीस वर्षं फोडण्या घालतोय, आणि मला विचारतोय.

"वास येत नाही मला," म्हणाला. "कसलाच नाही. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित. दोन मुली शिकतायत. मालकांना सांगू नका."

मी शब्द दिला. तेव्हापासून रोज सकाळी तो पळी घेऊन हात धुवायच्या निमित्तानं मोरीवर यायचा. मी चाखायची, हुंगायची. दिवसभर मग माझं नाक त्याच्या शेगडीवर आणि हात ताटांवर. ताट एकदा आपटलं की सगळं ठीक. दोनदा, की मसाला कमी. तीनदा आपटलं की काहीतरी जळतंय, आधी गॅस बंद कर. माधवराव आतून ओरडायचे, "मुक्ताई, ताटं हळू, ग्राहक बसलेत." मी म्हणायची, "बसलेत म्हणूनच."

तुम्ही ज्याला आदळआपट म्हणालात, ती तुमची आमटी होती.

इथपर्यंत गंमत आहे. पुढची नाही.

गुरुवारी पोपट नावाचा वाढपी असायचा. भाजी करपली की तो ग्राहकांना टेबलाशी वाकून सांगायचा, "आज भाजी नका घेऊ, पिठलं घ्या." मालकांच्या कानावर गेलं. आपल्याच भोजनालयाची बदनामी करतो म्हणून गेल्या वर्षी त्याला काढलं. तो डबा घेऊन माझ्यासमोरून गेला. मला खरं ठाऊक होतं. मी कढई घासत राहिले, घासून झालेली होती तरी.

मग या श्रावणातला एक गुरुवार. माझा डबा इथंच राहिला होता म्हणून सकाळी आठला आले. शटर अर्धं वर, खिडक्या सगळ्या बंद. वाकून आत डोकं घातलं आणि डोळ्यांत पाणी आलं. गॅसचा वास इतका, की जिभेवर लागला. आत दत्तप्रसाद मोठ्या शेगडीशी उभा. गुणगुणत होता. हातात लायटर, अंगठा त्यावर ठेवलेला.

ओरडायला श्वास घ्यावा लागतो. तेवढा वेळ नव्हता. मी शटरवर तळहात मारला. एकदा, दोनदा, तीनदा.

सहा वर्षांची सवय. त्याचा अंगठा थांबला. लायटर खाली ठेवून त्यानं वळून विचारलं, "काय जळलं, मुक्ताई? अजून तर पेटवलीच नाही."

मी म्हटलं, "म्हणूनच काही नाही जळलं. खिडक्या उघड."

नळी उंदरानं कुरतडली होती. नवी बसवली, दुपारी बाराला तुम्ही सगळे जेवलात. त्या दिवशी कुणीतरी वहीत लिहिलंय, 'आज सेवा उत्तम.'

ते नवं स्वयंपाकघर मी पाहून आले आहे. तळघरात आहे. खिडकी एकही नाही, दिव्यानं दिवस करतात. भिंतीभर गॅसचे नळ. आणि माझ्या जागी ते यंत्र. फार छान धुतं, आवाज अजिबात करत नाही. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. एकही ताट आपटलं नाही.

महिनाभर याला म्हणतेय, तू स्वतः सांग. तो म्हणतो, "उद्घाटन होऊ द्या, मग सांगतो." दत्तप्रसाद, मान वर कर. दिलेला शब्द मी आज मोडते आहे, तुझ्यादेखत. तुझ्या मुली मला आजी म्हणतात, म्हणूनच मोडते आहे.

कार्यक्रमपत्रिकेत पुढं असं आहे म्हणे, की नव्या गॅसखोलीच्या किल्लीला सर्वांत वडील हातानं, म्हणजे माझ्या, हळदकुंकू लावायचं आणि ती आचाऱ्याला द्यायची. हळदकुंकू लावलं. किल्ली देत नाही. ती पदराला बांधली आहे. माधवराव, तुम्ही हात पुढं केलात तर तुम्हाला देईन, पण एका बोलीवर. याला काढायचं नाही. याचा हात अजून पेठेत सरस आहे, नाक तेवढं शेजारी उभं करा. पोपटाला परत बोलवा. त्याला नाक आहे, आणि खरं बोलायची खोडही आहे. तोवर ती शेगडी पेटायची नाही. मी गेले, मालक. उद्यापासून तिथं रोज गुरुवार आहे.

अजून हात पुढे आला नाही. हरकत नाही, मी बसते. पंधरा वर्षं उभीच होते.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं तरी थांबवलं नाही, आभारी आहे. अडाणी बाईच्या बोलण्यात कमीजास्त झालं असेल, ते पोटात घाला. सहा वर्षं गप्प बसले, ते मात्र घालू नका. आणि कृपा करून टाळ्या वाजवू नका. सलग तीन वाजल्या, तर हा माणूस उठून खिडक्या उघडायला जाईल.