भाडं न थकवणारा भाडेकरू

घर घ्यायचं म्हणताय न्हवं, मग आधी आमच्या शेजारच्या आप्पांचं ऐका. रिटायर झाल्यावर त्यांनी बँकेचं कर्ज काढून पिरनवाडीत भाडेकरूसकट घर घेतलं. येणाऱ्या भाड्यातनं हप्ता परस्पर जाईल, असा साधा हिशेब. जुन्या मालकानं छातीठोक सांगितलं होतं, "ह्या लोकांनी एक रुपया भाडं थकवलेलं न्हाय."

आप्पा पहिलं भाडं आणायला निघाले, तशी मीही गेले. मला घर आतनं बघायचं होतं. भाडेकरणीनं पोहे दिले. आप्पांनी भाड्याचा विषय काढला, तर ती म्हणाली, "भाडं कसलं आप्पा? आम्ही लीजवर हाय."

लीज म्हणजे आमच्याकडं मालकाला एकदाच मोठी रक्कम द्यायची, मग महिन्याचं भाडं न्हाय, आणि घर सोडताना ती रक्कम जशीच्या तशी परत घ्यायची. ती रक्कम जुना मालक घेऊन गेला होता. त्याचा फोन बंद.

"आता मालक तुमी," ती म्हणाली. "पोरीचं लगीन ठरलंय. आमचे पैसे द्या, आम्ही सदलग्याला जातो."

"द्यायलाच पाहिजेत की गं," आप्पा म्हणाले. पोहे तसेच राहिले.

शेवटी आप्पांनी राहतं घर लीजवर देऊन तिचे पैसे फेडले आणि स्वतः पिरनवाडीला गेले. हप्ता आता पेन्शनीतनं जातो.

परवा आप्पा इकडं आलते. स्वतःच्याच दाराची कडी वाजवून उभे राहिले. आतनं परक्या बाईनं विचारलं, "कोण पाहिजे?"