पॉलिशपेपर मारलेलं ऊन

मी भिंतीवर डोंगर काढणं काहून सोडलं, विचारून राहिला ना? चहा ओत, सांगतो.

वाडीत एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या हॉलमध्ये उन्हातला डोंगर काढून राहिलो होतो. चार दिवस पिवळ्यावर केशरी, केशरीवर पांढरा, असे थरावर थर दिले. ब्रशचा एकेक फटका हाताले लागला पाहिजे, तेव्हाच तिथं ऊन पडते. बाकीच्या भिंती शेषरावकाका रंगवत होते. कामाले पक्के, अन् मनानं देवमाणूस.

मी जेवून आलो, तर डोंगर गुळगुळीत. सगळं ऊन फरशीवर, भुकटी होऊन पडलेलं.

"काका, हे काय केलं?"

"ब्रशच्या रेघा राहिल्या होत्या गा. मालक बोलला असता तुले. म्हणून पॉलिशपेपर मारून देला."

तेवढ्यात मालक आले, भिंतीवरून हात फिरवला. म्हणे, "आता फिनिशिंग आली."

निदान तेवढं तरी हाताले लागावं म्हणून मी कोपऱ्यात जाड रंगानं सही केली, अन् घरी आलो.

सकाळी काकाचा फोन. "खाली कोपऱ्यात थोडं राहून गेलं होतं गा. तेही घासून देलं. तू येऊ नको, आराम कर."